खडू आणायला गेलेली मुलं

वृंदा,

आधी भांडण, मग बाकीचं. भांडण अर्ध्यावर सोडणाऱ्यांतली मी नव्हे, हे तुला सांगायला नको. दिवाळीच्या सुट्टीआधी शेवटच्या दिवशी जिन्यात तू मला अडवलंस आणि मी हातातल्या पेपरांच्या गठ्ठ्याकडे बोट दाखवून 'दिवाळीनंतर बघू' म्हटलं. दिवाळी झाली, शाळा उघडली, मी बोलायला आले आणि तू नाहीस. ही कुठली रीत झाली गं?

आज अठरा दिवस झाले. ताप, दवाखाना, आणि आठवड्याच्या आत सगळं आटोपलं. त्याबद्दल मी काही लिहिणार नाही, माझ्याच्यानं लिहवणारही नाही.

शोकसभा झाली. हेडसर बोलले, 'राऊत मॅडम म्हणजे हसतमुख, मनमिळाऊ, कुणालाही कधी नाही न म्हणणाऱ्या.' हसतमुख! सकाळचा चहा पोटात जाईपर्यंत तुझ्या तोंडाकडे बघायची सोय नव्हती. आणि नाही न म्हणणाऱ्या? सात वर्षं दर सोमवारी तू मला नाही म्हणत आलीस, मी ऐकत नव्हते एवढंच. माझं नाव पुकारलं तेव्हा मी घसा बसलाय म्हणून सांगितलं. घसा चांगला होता. आता वार्षिक अंकासाठी तुझ्यावर दोन पानं मागितली आहेत. ती देईन, त्यात 'हसतमुख'सुद्धा घालीन. हे मात्र अंकात जायचं नाही. हे तुझं-माझं आहे.

आपल्या भांडणाचं मूळ म्हणजे माझं वेळापत्रक. शाळेत मी गणिताची जाधवबाई, पण चौदा वर्षं सगळे मला भितात ते त्या वेळापत्रकामुळे. मोठा कागद, पट्टी, पेन्सिल, खोडरबर. प्रत्येक शिक्षकाची एक ओळ, प्रत्येक तासाचा एक चौकोन. तू समुपदेशक म्हणून आलीस तेव्हा तुझीही ओळ आखली. पण तुला विषय नाही, वर्ग नाही, मग चौकोनात लिहिणार काय? तुझी ओळ कोरी राहिली. आणि कोरा चौकोन दिसला की माझा हात शिवशिवतो. कुणी रजेवर असलं की मी सरळ तुझ्या ओळीवर बोट ठेवायचे, प्रॉक्सीची चिठ्ठी लिहायचे, '८ ब, चौथा तास', आणि शिपाई गणपतमामांच्या हाती तुझ्याकडे धाडायचे. तू आत कुणाशी बोलत असलीस तरी मामा दार वाजवायचे, कारण मामांनाही मला तोंड द्यायचं असायचं.

'बाई, मी मोकळी नसते हो,' तू म्हणायचीस.

'मग कागदावर का दिसतेस?'

'तुमीच तर कोरी ठेवलीय!'

यावर मी हसायचे. तुझं 'तुमी' ऐकून तर जास्तच. केळव्याकडच्या वाडीतली तू, शाळेत अगदी पुस्तकातलं बोलायचीस, पण चिडलीस की आमी-तुमी सुरू. मी कराडकडची, ह्यांच्या कंपनीपायी सरावलीत येऊन तीस वर्षं झाली, पण माझं तोंड अजून तिकडचंच. आपण दोघी भांडायला लागलो की स्टाफरूममध्ये चहाचे कप खाली ठेवून लोक ऐकत बसायचे.

बाराशे पोरं आणि तू एकटी. त्यात कुंभवलीच्या शाखेत बुधवारचा अख्खा दिवस. आणि तुला काय काय लावलं होतं आम्ही! शिष्यवृत्तीचे अर्ज तू. ऑनलाइन माहिती भरायची ती तू, कारण तुला कॉम्प्युटर येतो. परीक्षेत सुपरव्हिजन तू, सहलीला पोरींसोबत तू, गॅदरिंगला पडद्यामागे सेफ्टी पिना घेऊन उभी तीही तूच. पालकांनी यायचं तर कंपन्यांची पहिली पाळी सुटल्यावर, म्हणजे साडेतीनच्या पुढं, म्हणून तू बसून. कंपनीच्या कपड्यांतलेच बाप यायचे, बाकावर आखडून बसायचे. एकदा एक जण सांगत होता, 'मॅडम, लडका घर में किसी से बात ही नहीं करता,' आणि तू त्याला म्हणालीस, 'आप उसके साथ जेवने को बैठो, भैया, बस जेवने को बैठो.' तुझं हिंदी ऐकून मला पदर तोंडाला लावावा लागला होता. तो मात्र हसला नाही. मान हलवली आणि 'जी' म्हणाला. आठ दिवसांनी पोराला घेऊन आला तेव्हा दोघं एकाच डब्यातली केळी खात गेटपाशी उभे होते. केळी तुझ्याच वाडीतली, हे मी ओळखलं होतं.

हे सगळं मला दिसत होतं, वृंदा. मी आंधळी नव्हते. पण दिसणं आणि कागदावर लिहिणं यात फरक असतो, आणि मी कागदाची बाई.

आता खडूचं.

तुला खोली मिळाली ती जिन्याखालची. आधी तिथं सामान असायचं. सामान हललं, पण खडूंच्या खोक्यांचं कपाट तिथंच राहिलं, कारण ते दारातून बाहेर निघेना. 'राहू द्या,' तू म्हणालीस, 'मला त्याची अडचण नाय.' मला तेव्हाच वाटलं होतं, ही एवढी समजूतदार कशी काय झाली.

या जूनमध्ये क्लार्कने तक्रार केली की खडू फार लागतात. मी म्हटलं, बघते. तुला माहीत आहे, 'बघते' म्हटलं की मी बघतेच. कुठल्या वर्गातून कोण किती वेळा खडू न्यायला जातं ते महिनाभर टिपलं. काही वर्गांत तर एका दिवसात चार-चार वेळा! एक तास शिकवायला असा किती खडू लागतो? माझा तर आठवडा जातो एका खडूत. कार्टी खडूनं मारामारी करतात, दुसरं काय, असं मी ठरवलं. गणपतमामांना आणि आणखी दोघांना लावून कपाट मोकळं करवलं, खोके स्टाफरूममध्ये आणले, किल्ली माझ्या पर्समध्ये. रोज सकाळी प्रत्येक वर्गाच्या टेबलावर दोन खडू. संपले तर माझ्याकडे यायचं आणि उरलेला तुकडा दाखवायचा. हेडसरांनी मीटिंगमध्ये माझं नाव घेऊन कौतुक केलं.

त्या दिवशी तू आलीस ती लालबुंद. 'बाई, खडू होते तिथं परत ठेवा.'

'का?'

'माझ्या खोलीतच असायला हवेत.'

'अगं पण का? तू काय पोरांना खडू वाटायला बसली आहेस का?'

'सांगता नाय येणार,' तू म्हणालीस. मला वाटलं, हिला तेवढाच मान वाटत असेल, कपाटाची मालकीण म्हणून. तसं मी बोलूनही दाखवलं. चारचौघांत. तू पंधरा दिवस माझ्याशी बोलली नाहीस आणि मीही काही कमी नाही, मी तीन आठवडे बोलले नाही.

मग हर्षदाचं झालं. दहावी ब मधली, मुरब्याची, एसटीनं यायची. गोरीमोरी पोर, शेवटून दुसरा बाक. ऑगस्टच्या शेवटी ती यायचीच बंद झाली. माझ्या हजेरीत ओळीनं फुल्या. एका शनिवारी शाळा सुटल्यावर तू माझ्यापुढे उभी राहिलीस, तीन आठवड्यांत पहिल्यांदा. 'बाई, मुरब्याला येता का? मी एकटी गेले तर गावात नको त्या चर्चा होतील. गणिताच्या बाई आल्या तर अभ्यासाचं काहीतरी हाय म्हणतील.'

मी येणार नव्हते. मग म्हटलं, चल, एवढं नाक घासून आली आहे तर.

टमटमनं गेलो. घरापुढं बांबूंवर बोंबील वाळत होते आणि हर्षदा पायरीवर बसली होती, शाळेच्या कपड्यांत. दप्तर मांडीवर. मला बघून तिचा चेहरा असा पडला की मलाच राग आला. तू मला डोळ्यांनी आत जा म्हणालीस आणि स्वतः तिच्या शेजारी पायरीवर बसलीस. आत तिची आई होती. 'पोरीला आमी काय बोललो नाय, बाई,' ती म्हणाली. 'रोज उठते, कपडे करते, दप्तर घेते नि पायरीवर बसते. एसटी जाते तरी बसूनच. बाप समुद्रावर, मी कुणाला विचारू?' मग माझ्याकडे नीट बघून तिनं विचारलं, 'गणिताच्या बाई त्या तुमीच काय?' मी हो म्हटलं. ती चहा टाकायला उठली. मी आपली खुश, पोरीनं घरी माझं नाव काढलेलं दिसतंय म्हणून.

तू तासभर पायरीवर बसलीस. मी आतून बघत होते. बोलत तर फारसं कुणीच नव्हतं. तू एक बोंबील हातात घेऊन त्याच्याकडे बघत काहीतरी विचारलंस, ती हसली, मग बराच वेळ तीच बोलली. निघताना आईनं वाळल्या बोंबिलांची पुडी दिली. परतताना टमटममध्ये तो वास, आणि एक मिशाळ माणूस आपल्या दोघींकडे आळीपाळीनं बघतोय. आपण इतक्या हसलो की माझी मुरकुंडी वळली. समेट झाला तो असा.

'काय म्हणाली ती?' मी विचारलं.

'सोमवारी येईल.'

'ते ठीक. पण झालं काय होतं?'

'त्या खोलीतलं त्या खोलीत, बाई.'

'अगं पायरीवर बसली होतीस, खोली कुठली?'

'आज पायरी हीच खोली.' आणि मग लगेच, 'बाई, एकच मागते. माझ्या ओळीत माझे तास लिहा. त्यावर प्रॉक्सी लावू नका. आणि खडू परत द्या.'

'ही तीन झाली,' मी म्हटलं. 'एकच कसं?'

'एकच हाय,' तू म्हणालीस. 'तुमाला कळेल तेव्हा एकच वाटेल.'

हर्षदा सोमवारी आली. मी काही लिहिलं नाही आणि काही परत केलं नाही. सहामाही आली, पेपर आले, आणि शेवटच्या दिवशी जिन्यात तू पुन्हा तेच मागितलंस. पुढचं लिहिलंच आहे वर.

सुट्टीनंतर दुसऱ्या दिवशी हेडसरांनी मला बोलावलं. 'जाधवबाई, मॅडमची जागा कधी भरली जाईल सांगता येत नाही. त्यांची ओळ काढून टाका. खोलीत नवीन कॉम्प्युटर ठेवू. सोमवारपर्यंत नवं वेळापत्रक लावा.' मी हो म्हटलं. अगदी सरळ हो म्हटलं, वृंदा. मनात आलं की चला, एक ओळ कमी झाली तर कागदावर अक्षर मोठं काढता येईल. हे तुला लिहिताना लाज वाटते, पण लिहिते.

खोली रिकामी करायला मीच गेले. तुझे मिस्टर आदल्या दिवशी येऊन तुझी पिशवी आणि डबा घेऊन गेले होते. बाकी सगळं जिथल्या तिथं. बाक, स्टूल, पाण्याचा तांब्या. मी खिडकी उघडली, कंपन्यांचा तो नेहमीचा आंबूस वास आत आला, म्हणून परत लावली. तेवढ्यात दारात हर्षदा.

'बाई, खडू हाय?'

'खडू स्टाफरूममध्ये असतात!' मी खेकसले. 'तीन महिने झाले, अजून माहीत नाही?'

'माहीत हाय.'

'मग?'

ती हलली नाही. 'मॅडमना समजलं असतं,' म्हणाली.

मी तिला आत घेतलं. तुझ्या खुर्चीवर बसायचा धीर झाला नाही, दोघी बाकावर बसलो. मग तिनं सांगितलं. 'बाबांची बोट एकदा वादळात दोन दिवस उशिरा आली. तवापासून माझं असं होतं. वर्गात एकदम गप्प झालं आणि कुणी माझं नाव घेतलं की छातीत धडधडतं, हात गार पडतात, दम पुरत नाय. मॅडम म्हणालेल्या, तसं झालं की खडू आणायला ये. कुणालाबी सांगायचं नाय, नुसतं खडू आणू का विचारायचं. कोण नाय म्हणत नाय. इथं यायचं, पाणी प्यायचं, मॅडम श्वास मोजायला लावायच्या. मग जाताना हातात खडू द्यायच्या.'

मी पर्समधली खडूंची किल्ली चाचपली.

'नायतर पोरं म्हणतात ना, वेड्यांची खोली. खडू आणायला गेलं तर कोण म्हणणार?' ती म्हणाली. 'मग तुमी खडू नेले. मी दोनदा विचारलं तुमाला. तुमी बोललात, टेबलावर दोन पडलेत ते काय दिसत नाय का? सगळी पोरं हसली. मग मी एसटीतच बसले नाय.'

'माझ्या तासाला जास्त व्हायचं का गं?'

तिनं पायांकडे बघितलं. 'तुमी नाव लय मोठ्यानं घेता, बाई.'

वृंदा, तीस वर्षांत एकही पोर मला उलट बोललं नव्हतं. आणि ही तर उलटही बोलली नव्हती. मी विचारलं तेवढं तिनं सांगितलं. ते जास्त लागलं.

'अजून कोण कोण यायचं खडूला?' मी विचारलं.

'ते नाय सांगायचं,' ती म्हणाली. अगदी तुझ्यासारखं. मग मीच तिला पाणी दिलं, आणि ती गेल्यावर दार लावून मनसोक्त रडले. शोकसभेचं रडणं तिथं झालं.

म्हणून तू मला सांगितलं नाहीस. मला कळलं असतं तर स्टाफरूमला कळलं असतं. मग एखाद्या वर्गात कुणीतरी चेष्टेनं म्हटलंच असतं, 'काय रे, खडू आणायला का?' आणि सगळं बंद पडलं असतं. तू माझ्याकडून चारचौघांत ऐकून घेतलंस, पंधरा दिवस अबोला धरलास, पण पोरांचं झाकून ठेवलंस. मी तुझ्या जागी असते तर पहिल्याच दिवशी तावातावानं सगळं ओकले असते.

आणि रडता रडता मला दुसरंच आठवलं. ह्यांच्या कंपनीनं गेटवर नोटीस लावली ते वर्ष. सात-आठ महिने हे घरी होते, आणि मी शाळेत कुणाला ताकास तूर लागू दिली नव्हती. एकदा मोठ्या सुट्टीत मी बाथरूममध्ये नळ सोडून उभी होते. बाहेर आले तर गणपतमामा चिठ्ठी घेऊन हजर. चक्क तुझी चिठ्ठी, मला! 'बाई, खडू मोजायचे आहेत, मदतीला या.' मी तणतणत आले. दोघी खाली बसून खोके उघडून खडू मोजत होतो, आणि पहिल्या खोक्यातच मी तुला सगळं सांगून मोकळी झाले. तू काही सल्ला दिला नाहीस. मोजत राहिलीस. जाताना माझ्या हातात एक खडू दिलास. मी तो घेऊन वर्गात गेले आणि शिकवलं. तेव्हा मला वाटलं, हिला मोजणीचं काम खरंच होतं.

अगं, मीही त्यातलीच एक होते की!

त्या कपाटाच्या खालच्या खणात तुझी वही सापडली. कापडात गुंडाळलेली, वर चिठ्ठी: 'फक्त पुढच्या समुपदेशकासाठी.' खोटं कशाला बोलू, मला ती उघडायची होती. तिच्यात माझं नाव असणार हे मला पक्कं माहीत होतं, किती वेळा आणि काय म्हणून, ते बघायचं होतं. गाठ अर्धी सोडलीही. मग तुझा तो 'त्या खोलीतलं त्या खोलीत' असा आवाज आला, चहाच्या आधीचा. गाठ परत मारली, दुहेरी.

सोमवारी वेळापत्रक घेऊन मी हेडसरांकडे गेले. तुझी ओळ होती तशी ठेवली होती आणि प्रत्येक चौकोनात लिहिलं होतं, 'समुपदेशन'. शाईनं. पेन्सिलीनं नाही, म्हणजे खोडायचा प्रश्नच नको.

'हे काय? माणूस कुठाय?' सर म्हणाले.

'माणूस तुम्ही आणायचा.'

'बाई, संस्थेचं तुम्हाला माहीत आहे...'

'मला सगळं माहीत आहे. मग वेळापत्रक तुम्ही करा. सव्वीस शिक्षक, दोन पाळ्या, एक प्रयोगशाळा, आणि पीटीचे सर तिसऱ्या तासाआधी उगवत नाहीत. करा बसून.' मी किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला. सरांनी जुडग्याकडे असं बघितलं जणू मी जिवंत खेकडा ठेवलाय.

मग ते हळूच म्हणाले, 'तोपर्यंत तुम्हीच बसा ना त्या खोलीत. वडीलधाऱ्या आहात, अनुभव आहे.'

'मी बसले तर उरलीसुरली पोरंही शाळा सोडतील,' मी म्हटलं. 'ते शिकलेल्या माणसाचं काम आहे, सर. राऊत मॅडम ते शिकून आल्या होत्या, आणि आपण त्यांच्याकडून सेफ्टी पिना लावून घेतल्या.'

चांगला माणूस आहे गं, फक्त त्यालाही वरून चिठ्ठ्या येतात. त्यांनी माझ्यासमोर संस्थेत फोन लावला. मी हलले नाही. दुसऱ्या दिवशी परत गेले, तिसऱ्या दिवशीही. मी सहा दिवस मागितले, तडजोड दोनवर झाली: संस्थेच्या दुसऱ्या शाळेतल्या मॅडम मंगळवारी आणि शुक्रवारी येतील, आणि जागेची जाहिरात या महिन्यात निघेल. कॉम्प्युटर प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात गेले. आणि त्या ओळीवर प्रॉक्सी लावायची नाही, हे सरांनी सहीनिशी लिहून दिलं. दोन दिवस म्हणजे फार नाही. पण उरलेले चार मी सोडलेले नाहीत, आणि मी सोडत नाही हे आता संस्थेलाही कळलंय.

खडूचे खोके परत तुझ्या खोलीत गेले. स्टाफरूममध्ये ओल फार आहे, खडू नरम पडतात, असं मी सगळ्यांना सांगितलं. नोव्हेंबरात ओल! क्लार्कनं माझ्याकडे बघितलं. म्हणाला, 'बाई, परत खडू जास्त लागायला लागले तर?' मी म्हटलं, 'लागू देत. शाळा आहे, खडू लागणारच.' त्यानं चष्मा काढून पुसला.

नवीन मॅडम लहान आहेत, पूजा नाव. आल्या त्या आधी घाबरलेल्या, बाराशे पोरं ऐकून. मी वही हातात दिली, त्यांनी माझ्यासमोरच चिठ्ठी वाचली आणि वही तशीच पर्समध्ये ठेवली. मला बरं वाटलं. मग दार लावून त्यांना खडूचं सांगितलं. त्यांना आणि फक्त त्यांनाच, वृंदा, शपथ. त्यांनी विचारलं, 'पण पोरांना कसं कळणार, की आता परत चालू झालंय?' तेवढं मात्र मला ठाऊक नव्हतं. मी हर्षदाला व्हरांड्यात गाठलं आणि अगदी हळू आवाजात, माझ्या मानानं हळू, म्हटलं, 'खडू परत जिन्याखाली ठेवलेत.' ती 'बरं' म्हणाली आणि गेली. आता पोरांचं पोरांना कळेल.

हजेरी घेताना मी आता नावं घेत नाही, नंबर घेते. तेही खालच्या पट्टीत. शेवटच्या बाकावरची पोरं म्हणतात, 'बाई, ऐकू येत नाय.' येईल सवयीनं.

काल मंगळवार होता. दहावी ब, तिसरा तास. मी फळ्याकडे पाठ करून वर्गावर नजर फिरवत होते, आणि पहिल्या बाकावरची मुलगी उठली. हर्षदा नव्हे. कोण ते तुला सांगायला नको, आणि दुसऱ्या कुणाला मी सांगणार नाही. एवढंच लिहिते की गणितात तिला कायम पैकीच्या पैकी असतात, आणि या पोरीला काही दुखत-खुपत असेल असं मला चार वर्षांत एकदाही वाटलं नव्हतं. तिचा चेहरा नेहमीसारखाच होता. ओठ तेवढे पांढरे पडले होते.

'बाई, खडू आणू?'

वृंदा, माझ्या हातात नवा कोरा खडू होता. टेबलावर आणखी दोन होते, सगळ्या वर्गाला दिसत होते. मागं कुणीतरी हसायच्या बेतात होतं.

मी हातातला खडू मुठीत घट्ट धरला, मूठ पदराखाली नेली, आणि टेबलावरच्या दोन्हींवर हजेरीपुस्तक ठेवलं.

'जा,' मी म्हटलं. 'आणि सावकाश ये. मला घाई नाही.'